पीएच.डी.साठी रान विकू नका

सप्टेंबरात आमच्या विद्यापीठाला सुट्टी असते आणि कासला फुलं असतात. म्हणून दरवर्षी हे तीन आठवडे मी साताऱ्यात, करंज्यात आईकडे असते. गेल्या अंकात संपादकांनी 'परदेशी विद्यापीठात शिकवणाऱ्या ताई तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतील' अशी चौकट छापली आणि माझ्या सुट्टीची वाट लावली. एकतीस पत्रं आली. त्यातल्या चौदांचा प्रश्न एकच, 'किती पैसे लागतात?' इथे सहा पत्रं घेतली आहेत. माणसांची नावं काढली आहेत, गावं ठेवली आहेत.

माझी ओळख एवढीच. कोरेगाव तालुक्यातलं गाव, रयतची शाळा, साताऱ्याच्या सायन्स कॉलेजात 'कमवा आणि शिका'मधून बी.एस्सी., शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. २००७च्या ऑक्टोबरात जर्मनीला गेले, २०२४ला तिथे कायमची प्राध्यापक झाले. मधली सतरा वर्षं कुठे गेली, ते उत्तरांतून कळेल.

प्रश्न : पोरगं केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालंय, ७१ टक्के. पुण्यातला एक एजंट म्हणतो, परदेशात पीएच.डी.ला ॲडमिशन करून देतो, सगळं मिळून अडतीस लाख. धोमच्या कालव्याखालचं सव्वा एकर रान आहे, गिऱ्हाईकही आलंय. विकावं का? आणि परत आल्यावर पोरगं प्राध्यापक होईल ना?
— एक शेतकरी, रहिमतपूर

काका, नका विकू. गिऱ्हाइकाला आजच 'नाही' म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

आपल्याकडे पीएच.डी. म्हणजे शिक्षण, आणि शिक्षण म्हटलं की फी, असा हिशोब डोक्यात पक्का बसलाय. तिकडे विज्ञानातली पीएच.डी. ही नोकरी असते. प्राध्यापकाला संशोधनासाठी पैसे मिळालेले असतात, काम करायला माणूस लागतो, त्या माणसाला तो पगार देतो. जर्मनीत पीएच.डी.च्या मुलांना अर्ध्या, पासष्ट किंवा पंचाहत्तर टक्के जागेवर घेतात. म्हणजे पगार तेवढ्याच टक्के, काम मात्र पूर्ण. ही कुरकुर तिथली जर्मन मुलंही करतात. माझी जागा अर्धी होती. कर आणि विमा कापून हातात हजार युरोच्या आसपास यायचे, वसतिगृहाच्या खोलीचं भाडं दोनशे दहा. पोट भरून थोडे मागे पडायचे. अमेरिकेत चांगल्या विद्यापीठात विज्ञानाच्या पीएच.डी.ला फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं, त्या बदल्यात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची. तिकडचे अर्ज बहुतेक डिसेंबरात भरायचे असतात आणि विद्यावेतनाची ऑफर घ्यायची की सोडायची ते १५ एप्रिलपर्यंत कळवायचं असतं. इंग्लंडात परदेशी विद्यार्थ्याची फी दांडगी, त्यामुळे तिथे शिष्यवृत्ती हातात नसेल तर जाऊच नये असं माझं मत.

मग अडतीस लाख कशाचे? एजंटाला एकच विचारा, 'पोराचा गाईड कोण, आणि तो गाईड पोराला महिन्याला काय देणार?' त्याला गाईडचं नाव सांगता आलं नाही, तर तो पीएच.डी. विकत नाहीये. बहुतेक तो स्वखर्चाच्या मास्टर्सचं नाहीतर एखाद्या लहानसहान संस्थेचं ॲडमिशन विकतोय. पीएच.डी.ला ॲडमिशन 'करून' देता येत नाही. तिथे प्राध्यापक मुलाशी तासभर बोलतो, त्याचं काम विचारतो, मग ठरवतो. त्या तासाभरात एजंट शेजारी बसून चालत नाही.

मास्टर्सचा मामला वेगळा. तुमच्या मुलाची दोन वर्षांची एम.एस्सी. झालेली आहे, त्याला जर्मनीत पुन्हा मास्टर्स करायची सहसा गरज नाही. पण कुणी सांगेल की 'ब्लॉक्ड अकाउंटला बारा लाख भरावे लागतात', म्हणून तेही सांगते. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याने वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी एका खात्यात दाखवावे लागतात. हे पैसे फी नव्हेत. आपलेच असतात, तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे आपल्यालाच मिळतात. पगाराचं पत्र हातात असलेल्या पीएच.डी.वाल्याला हे खातं लागत नाही.

आमच्या आबांनी २००७ला त्या हंगामातल्या आल्याच्या पट्टीतले चाळीस हजार माझ्या हातावर ठेवले. तिकीट, व्हिसा, कोल्हापुरात घेतलेला एक जाड कोट (तिकडच्या थंडीत तो स्वेटरच ठरला) आणि पहिल्या पगारापर्यंतचं जेवण, सगळं त्यात बसलं. पहिला पगार कागदपत्रांपायी दीड महिना उशिरा झाला, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या इथिओपियन मुलीने दोनशे युरो उसने दिले. ते आल्याचं रान आजही आमच्याकडे आहे. माझा भाऊ त्यात हळद लावतो आणि मी सुट्टीवर आले की मला खत व्यवस्थापन शिकवतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. परदेशी पीएच.डी. झाली म्हणून इथे प्राध्यापकी चालत येत नाही. जागा निघायला हव्यात, आणि निघाल्यावर काय-काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. पण एक नियम मुलाला सांगून ठेवा. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे जगातल्या पहिल्या पाचशे विद्यापीठांतली पीएच.डी. असेल, तर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट-सेट या पात्रता परीक्षांची अट लागत नाही. हे पाचशे क्यूएस, टाइम्स आणि शांघाय या तीन क्रमवाऱ्यांतून ठरतात. तेव्हा विद्यापीठ निवडतानाच यादीत डोकावून घ्यावं.

प्रश्न : मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं आहे. तीन महिन्यांत शंभरावर परदेशी प्राध्यापकांना मेल केले. उत्तरं दोन, दोन्हींत 'जागा नाही'. मेलची प्रत जोडते आहे. माझं काय चुकलं?
— एक विद्यार्थिनी, पाटण

तुझा मेल मी चहा पिता पिता वाचला आणि हसले. तुला नाही, स्वतःला. असाच मेल मी २००६ला साताऱ्यात पोवई नाक्याच्या एका सायबर कॅफेत बसून, तासाला वीस रुपये मोजून चाळीस जणांना पाठवला होता.

सुरुवात 'रिस्पेक्टेड सर/मॅडम'. म्हणजे समोर बाई आहे की बुवा, हेही आपण पाहिलेलं नाही. पुढे 'युवर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी'. मधे प्राध्यापकाचं नाव, पण ते बाकी मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरांत! कुठून तरी उचलून चिकटवलेलं आहे हे आंधळ्यालाही दिसावं. त्यानंतर मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकणारी. त्यानंतर दहावीचे टक्के आणि रांगोळी स्पर्धेचं दुसरं बक्षीस. आणि अगदी तळाला एक ओळ, की पाटण भागातल्या भातखाचरांतून फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू वेगळे केले, अकरा प्रकार मिळाले, त्यातले तीन आम्लधर्मी मातीतही तगले.

अगं, ही ओळ वर का नाही?

सोमवारी सकाळी माझ्या पेटीत असे दहा-बारा मेल असतात. भारत, इराण, पाकिस्तान, नायजेरिया, सगळीकडून. प्रत्येकाला मी फार तर अर्धा मिनिट देते आणि त्याची मला लाजही वाटते, कारण पलीकडे कुणीतरी माझ्यासारखीच बसलेली असते. त्या अर्ध्या मिनिटात माझी नजर दोनच गोष्टी शोधते. या मुलीने स्वतःच्या हाताने काय केलंय? आणि तिने माझं काही वाचलंय का? बाकी सगळं शोभेचं.

माझा एकेचाळिसावा मेल वेगळा होता. एम.एस्सी.ला मी कासच्या पठारावरच्या सीतेच्या आसवांवर प्रकल्प केला होता. निळी इवलीशी फुलं, दिसायला गरीब, पण मातीखालच्या फुग्यांत बारीक जीव पकडून खाणारी. जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभर, त्यात नत्र नाही, म्हणून ही शिकार. दगडी पठारांवरच्या वनस्पतींवर काम करणाऱ्या एका जर्मन प्राध्यापकाचा लेख मी विभागाच्या ग्रंथालयात तीनदा वाचला होता. त्यांना मी सहा ओळी लिहिल्या. तुमची पठारं जास्त दिवस ओली असतात, आमचं ऑक्टोबरात पाऊस थांबला की थोड्याच आठवड्यांत कोरडं ठणठणीत होतं. मग एवढ्या थोड्या दिवसांत कमावलेलं नत्र ही झाडं कुठे ठेवतात? बियांत की मातीत?

चार दिवसांनी उत्तर आलं. तेही दोन ओळींचं. 'मला माहीत नाही. तुम्ही मोजलं आहे का?'

मी मोजलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी एसटीने कासला गेले, बाटल्या घेऊन. मोजमाप अर्धवटच झालं, आमच्या प्रयोगशाळेत नत्राचं उपकरण बंद होतं. तेही मी त्यांना खरंखरं कळवलं. वर्षभर अशी पत्रापत्री झाल्यावर त्यांनी जागा निघाल्याचं कळवलं.

तेव्हा शंभर मेल थांबव, आठ लिही. आधी ज्याला लिहायचं त्याचे गेल्या दोन-तीन वर्षांतले दोन लेख वाच, कळेपर्यंत वाच. पहिल्या ओळीत तुझे जिवाणू, दुसरीत त्यांच्या कामाशी त्याचा सांधा, मग एक खरा प्रश्न. सोबत दोन पानांचा बायोडेटा, रांगोळीशिवाय. दोन आठवड्यांनी एकदाच आठवण कर, त्याहून जास्त नाही. जाहिरात निघालेल्या जागाही बघ. युरोपातल्या जागा युरॅक्सेस या संकेतस्थळावर येतात. तिथे 'मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी' नावाने पीएच.डी.च्या जागा दिसतील, त्यांचा पगार बरा असतो. त्यात एक मजेशीर अट असते. ज्या देशात जागा आहे, तिथे उमेदवार मागच्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेला नसावा. म्हणजे त्या देशातली मुलं बाद होतात आणि पाटणची तू आपोआप पात्र.

आणि जागा मिळालीच, तर 'हो' म्हणण्याआधी त्या गटातल्या सध्याच्या मुलांशी एकटीने बोल. मागची मुलं किती वर्षांत बाहेर पडली, कुणी मधेच सोडून गेलं का, साहेब लेख किती दिवसांत वाचून देतात. पीएच.डी.नंतरच्या एका ठिकाणी मी हे विचारलं नाही. तिथल्या साहेबांनी माझा एक लेख चौदा महिने टेबलावर ठेवला, तोवर दुसऱ्या गटाने तेच छापलं.

प्रश्न : आम्ही मागासवर्गीय, वडील गवंडीकाम करतात. शेतीही नाही विकायला. परदेशी मास्टर्सचं स्वप्न पाहावं का?
— एक विद्यार्थी, दहिवडी

पाहा, आणि अर्जाची तारीखही पाहा. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. फी, राहण्याचा खर्च, विमानभाडं, सगळं त्यात येतं. पदव्युत्तर शिक्षणासाठी वय ३५पर्यंत, पीएच.डी.साठी ४०पर्यंत चालतं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती वेगळी. दोन्हींची खोच एकच. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं, आणि प्रवेशाचं पत्र आधी आणावं लागतं. म्हणजे तयारी वर्षभर आधीपासून हवी. दरवर्षी कुणीतरी मला जुलैत 'ताई, शेवटची तारीख परवा आहे' असं कळवतं, तेव्हा जीव हळहळतो. (मराठा समाजातल्या मुलांनी सारथीची परदेश शिष्यवृत्ती पाहावी, तीही अशीच आहे.)

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला एका मुलाची नोंद आहे, इयत्ता पहिली इंग्रजी. तोच मुलगा १९१३ला सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. विकायला त्यांच्याकडेही शेत नव्हतं.

प्रश्न : वय ३८. इतिहासात पीएच.डी. होऊन तीन वर्षं झाली, सेट आहे. सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. बायको, दोन मुलं. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी परदेशी जाण्याचं वय उलटलं का? मोडी वाचता येते.
— एक प्राध्यापक, कराड

सर, तुम्ही मोडी सगळ्यात शेवटी लिहिलीत. पाटणच्या मुलीसारखंच केलंत.

वयाचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी जन्मतारीख मोजतच नाहीत, पीएच.डी.ची तारीख मोजतात. जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती दोन गटांत असते. पीएच.डी. होऊन चार वर्षांच्या आतले एका गटात, बारा वर्षांच्या आतले दुसऱ्यात. पहिल्या गटात तुमच्याकडे वर्षभर उरलंय. नंतर अनुभवी गटात जाल, तिथे अर्थातच प्रकाशनांची अपेक्षा जास्त. जोडीदार आणि मुलं सोबत असतील तर ते जास्तीचा भत्ता देतात. अट अशी की तिथल्या एखाद्या प्राध्यापकाने 'या, माझ्याकडे काम करा' म्हणून लेखी द्यायला हवं. इथेही मेल लिहिणं आलंच.

आणि इथे तुमची मोडी कामाला येते. दक्षिण आशियाचा इतिहास शिकवणारे विभाग तिकडे जुने आहेत. हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था १९६२ची, म्हणजे आपल्या शिवाजी विद्यापीठाच्याच वयाची. संस्कृत वाचणारे तिथे मिळतात, फारसीही वाचतात. पण पेशवे दफ्तरातला मोडी कागद हातात दिल्यावर धडाधड वाचणारा माणूस त्यांना विंचरून काढावा लागतो. आपल्याकडे मोडीचं प्रमाणपत्र घेऊन लोक जमिनीचे जुने उतारे वाचून देतात, पानाला अमुक रुपये. तीच विद्या तिकडे संशोधन प्रकल्पाचा पाया होते.

मात्र तुमचं काम त्यांना समजेल असं मांडावं लागेल. 'साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळातील महसूल व्यवस्था' असा विषय तुम्ही लिहिलाय. तो इथे पुरतो, तिथे विचारतील, यातून नवीन काय कळतं? अठराव्या शतकातल्या एखाद्या गावच्या पाटलाचा आणि कुळकर्ण्याचा तंटा कागदोपत्री कसा चालला, पुरावा कशाला म्हणत, बायका फिर्यादी असत का, असा एक धागा पकडा. पाच कागद घ्या, त्यांचं इंग्रजी भाषांतर आणि वीस पानांचा लेख तयार ठेवा. तो लेख हाच तुमचा पासपोर्ट.

तिथे कायमचं राहायला मिळेल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, शहाणपणा केलात. इतिहासात ते फार अवघड आहे. दीड-दोन वर्षं जा, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले मराठी कागद बघून या, दोन बरे लेख छापा. तासिकेवाल्याला रजा मिळत नाही हे खरं. पण तासिकेवाल्याचं तेवढ्याने काय जातं, हेही खरं.

प्रश्न : मुलगी ३६ वर्षांची, अमेरिकेत पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी). हे तिसरं विद्यापीठ, दर दोन वर्षांनी गाव बदलते. नातेवाईक विचारतात, एवढी शिकली तरी अजून परमनंट कशी नाही? लग्नाचंही अडलंय. फोनवर विचारलं की चिडते. तिचं कधी स्थिर होणार?
— एक आई, सदर बझार, सातारा

काकू, तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'हे मीच लिहिलंय की काय?'

आधी तुमच्या लेकीचा दोष नाही हे ऐका. पीएच.डी. झाल्यावर तिकडे सरळ प्राध्यापकी मिळत नाही. मधे मुदतीच्या नोकऱ्यांची रांग असते, दोन वर्षं, तीन वर्षं, पुन्हा दोन. अमेरिकेत प्राध्यापकाच्या जागांच्या जाहिराती साधारण ऑगस्टपासून निघतात, मुलाखती हिवाळ्यात, निकाल वसंतात. म्हणजे वर्षाला एकच पेरणी. ती हुकली की पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबा. जागा मिळाली तरी ती लगेच कायमची नसते. साधारण सहाव्या वर्षी तपासणी होते, त्यात पास झाली तर कायम, नाहीतर वर्षभरात बाड-बिस्तरा आवरायचा.

जर्मनीत याहून गंमत. तिथे २००७ला कायदा झाला, की विद्यापीठाने मुदतीच्या करारावर माणूस पीएच.डी.च्या आधी जास्तीत जास्त सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं ठेवावा. हेतू चांगला, लोकांना लटकवून ठेवू नये. झालं उलटंच. सहा वर्षं संपली की कायम करण्याऐवजी 'नमस्कार'. २०२१ला तिथल्या संशोधकांनी यावर मोठा गदारोळ केला. मूल असेल तर मुदत दोन वर्षांनी वाढते. माझी मुलगी झाली तेव्हा नवरा म्हणाला, 'ही पायगुणाची, करार घेऊन आली.' शिवाय जिथे पीएच.डी. केली, त्या विद्यापीठात सहसा थेट प्राध्यापक म्हणून घेत नाहीत, आधी बाहेर पडावं लागतं. आपल्याकडे ज्या संस्थेत शिकलो तिथेच चिकटणं ही निष्ठा, तिकडे तो वशिल्याचा संशय. तुमची लेक गावं बदलते ती चंचल म्हणून नव्हे.

माझा हिशोब सांगते. २०११ला पीएच.डी. झाली. मग जर्मनीत तीन वर्षं, नेदरलँड्सला वाखेनिंगेनमध्ये तीन वर्षं, पुन्हा जर्मनीत एक. शेवटच्या चार वर्षांत त्रेचाळीस अर्ज, सहा मुलाखती. जर्मनीत प्राध्यापक निवडताना सगळ्यांपुढे नमुना व्याख्यान देतात, बाहेरच्या तज्ज्ञांची मतं मागवतात, मग तिघांची क्रमवार यादी करतात. एकदा मी दुसरी होते. पहिल्याने जागा नाकारावी म्हणून मी अकरा महिने मनातल्या मनात गणपती पाण्यात ठेवले. त्याने नाकारली नाही. त्या काळात आई दर रविवारी विचारायची, 'परमनंट झालीस का?' आणि मी रविवारचा फोन टाळायला लागले. दोन महिने टाळला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही आज पहिल्यांदा कळतंय.

२०१८ला कनिष्ठ प्राध्यापकाची जागा मिळाली, तीही अटीवर, सहा वर्षांची. जर्मनीच्या केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून अशा हजार जागा काढल्या होत्या, त्यातली एक. नवरा दुसऱ्या शहरात, आगगाडीने चार तास. तीन वर्षं शुक्रवार-सोमवार असा संसार केला.

नातेवाइकांचं उत्तर आईनेच शोधलं. लग्नकार्यात कुणी विचारलं की ती म्हणायची, 'लेक झाडं मोजते, सरकार पगार देतं.' लोकांना वाटायचं मोजणी खात्यात आहे. मोजणी खातं म्हटल्यावर पुढे कुणी विचारत नाही.

तुम्ही लेकीला 'कधी' विचारू नका, एकदाच 'कुठवर' विचारा. म्हणजे हा प्रयत्न कुठल्या वर्षापर्यंत करायचा आणि मग काय, हे तिने ठरवलंय का. मी ठरवलं होतं, २०१९ची दिवाळी. त्यानंतर बियाणे कंपनीत अर्ज करणार होते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नव्हता. जीवशास्त्रात असेल तर परत येणाऱ्यांसाठी केंद्राची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, इतर विज्ञानांसाठी रामानुजन फेलोशिप. पुण्यात आयसर, एनसीएल या संशोधन संस्था आहेत. तिथे तिच्यासारखीच बाहेर दहा वर्षं काढून आलेली माणसं भेटतील. येत्या सुट्टीत ती आली की तिला तिथे एखादं व्याख्यान द्यायला सांगा. तिकडचे लोक असं बोलावतात, विचारावं मात्र आपण लागतं.

लग्नाबद्दल मी बोलणार नाही. माझ्या वेळी करंज्यातल्या सगळ्यांनी बोलून झालं होतं.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकलो. इंग्रजी लिहिता येतं, बोलताना फाफलतो. चालेल का?
— एक विद्यार्थी, मेढा

चालेल. माझ्या पहिल्या सेमिनारला मी वीस मिनिटांचं भाषण पाठ करून गेले आणि अकरा मिनिटांत संपवलं. कुणीतरी प्रश्न विचारला, तो मला कळलाच नाही, मी 'येस' म्हणाले. प्रश्न होता, 'तुमची आकडेवारी चुकली असण्याची शक्यता आहे का?' सगळे हसले, मग साहेबांनी मला तीच शक्यता तपासायला लावली आणि एक रकाना खरोखरच चुकलेला निघाला. तेव्हापासून प्रश्न कळला नाही की मी पुन्हा विचारायला सांगते. घरी आरशासमोर बोलून काही होत नाही. मित्राला तुझा प्रकल्प इंग्रजीत समजावून सांग, रोज दहा मिनिटं. तो कंटाळला की दुसरा मित्र पकड.